बावचीच्या बियांची दीर्घकालीन चाचणी उंदरांवर करावी का?

धागालेखिका (औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका)

कोडावर बावची या आयुर्वेदिक वनस्पतीच्या बियांचे चूर्ण पोटातून देण्याची आणि लेप लावून रुग्णाला उन्हात बसवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि हा उपचार महिनोन्‌महिने चालतो. तरीही ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त उपयोगासाठीच विकायचे असेल, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 2010 च्या नियम 158-ब नुसार नवा सुरक्षितता-अभ्यास द्यावा लागत नाही. बावचीच्या बाबतीत ही सवलत मला मान्य नाही. या बियांत सोरालेन हे रसायन असते. त्याच रासायनिक कुळातले मेथॉक्सॅलेन हे औषध अमेरिकेत दोन वर्षे उंदरांना पोटातून दिले गेले, तेव्हा नरांच्या मूत्रपिंडांत गाठी आढळल्या; तो अहवाल 1989 चा आहे. अशा गाठी वाढायला वेळ लागतो, त्यामुळे नव्वद दिवसांच्या चाचणीवर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. सबंध बियांच्या चूर्णाची किमान वर्षभराची चाचणी झालीच पाहिजे.

प्रतिसाद (आयुर्वेद चिकित्सक)

आपली कळकळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. त्या प्रयोगात शुद्ध रसायन दिले होते, बी नव्हे. शिवाय माद्यांमध्ये तसा पुरावा मिळाला नाही. आम्ही बावची गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात भिजवून, शोधन (शुद्धीकरण) करून मगच वापरतो.

याहून मोठा आक्षेप उन्हाचा आहे. सोरालेन त्वचेवर काम करते ते अतिनील किरणांच्या साथीने, आणि इजाही बरीचशी त्याच वाटेने होते. प्रयोगशाळेतला केसाळ उंदीर बंद खोलीत, दिव्याच्या उजेडात वर्ष काढतो. त्याच्याकडून आमच्या रुग्णाच्या उघड्या, ऊन खाणाऱ्या त्वचेविषयी काय कळणार? प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वर्षभराच्या चाचणीत तीन मात्रांचे तीन गट आणि औषध न दिलेला एक नियंत्रण गट असतो, प्रत्येक गटात वीस नर आणि वीस माद्या, म्हणजे किमान 160 प्राणी. मुख्य प्रश्नच सुटणार नसेल, तर इतके जीव घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रतिसाद (त्वचारोग विभागातील निवासी डॉक्टर)

उन्हाच्या मुद्द्यावर मी वैद्यांच्या बाजूने आहे. मेथॉक्सॅलेन आणि अतिनील-अ किरणे यांच्या एकत्रित उपचाराने त्वचेचा कर्करोग वाढतो, याचा भक्कम पुरावा माणसांकडूनच मिळाला: अमेरिकेत 1975 च्या सुमारास सोरायसिसच्या 1380 रुग्णांची नोंद करून पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. आपल्याकडे बावची घेणाऱ्यांची अशी नोंदवही का नाही? बावचीमुळे यकृताला इजा झाल्याची रुग्णवृत्ते प्रसिद्ध आहेत, त्यामुळे उपचार चालू असताना यकृताची रक्ततपासणी तरी सुरू करा. ती उद्यापासून होऊ शकते.

धागालेखिका

नोंदवही हवीच, परंतु तिच्यात कर्करोगाची नोंद होते तेव्हा तो एखाद्या माणसाला झालेला असतो. ईश्वरी या वनस्पतीच्या कुळात आढळणाऱ्या ॲरिस्टोलोचिक आम्लाने उंदरांना कर्करोग होतो, हे जर्मनीतील संशोधकांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून त्याच कुळातली वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. बाल्कन प्रदेशात तर याच कुळातल्या एका तणाच्या बिया गव्हात मिसळून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पोटात जात राहिल्या आणि त्यांचीही मूत्रपिंडे बिघडली. उंदरांनी दिलेला इशारा तिथे खरा होता. तो वेळेवर ऐकला गेला नाही.

उन्हाचा आक्षेप मात्र मी पूर्ण स्वीकारते. म्हणून एक गट केसविरहित उंदरांचा ठेवून त्यांना मोजून अतिनील किरणे द्यावीत, आणि शोधित व अशोधित बिया वेगवेगळ्या तपासाव्यात. शोधनाने विषारीपणा घटत असेल, तर ते सिद्ध करण्याची याहून चांगली संधी वैद्यांना कुठे मिळेल?

प्रतिसाद (आयुर्वेद चिकित्सक)

शोधित-अशोधित तुलनेला माझा विरोध नाही. ती व्हावी असे मलाही वाटते. पण बाजारातल्या बावचीत सोरालेनचे प्रमाण खेपेगणिक बदलते, आणि ते मोजल्याशिवाय उंदरांना नेमके काय दिले हेच सांगता येणार नाही. आधी ते मोजमाप आणि रुग्णांची नोंद सुरू होऊ द्या. तोपर्यंत 160 प्राण्यांच्या प्रस्तावावर माझी संमती गृहीत धरू नये.