इनडिझाइनमध्ये पीपीडीचा रकाना करडा दिसतोय, पेपर साइझमध्ये ए३ येत नाही

पानोपानी
नमस्कार मंडळी, इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) एक वार्तापत्र लावतेय, ए४, फेसिंग पेजेस (समोरासमोरची पानं), ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई). छापायला देण्याआधी क्रॉप मार्कसकट (कुठे कापायचं त्या खुणा) कच्ची प्रत ए३ वर काढायची आहे म्हणजे कापून बघता येईल कडेचे फोटो नीट बसतायत का. प्रिंटर ए३ घेतो, बाकीच्या सॉफ्टवेअरमधून ए३ व्यवस्थित निघतं. पण इथे प्रिंट डायलॉगमध्ये पीपीडीचा (प्रिंटर काय काय करू शकतो त्याचं वर्णन करणारी फाइल) रकाना करडा आहे, क्लिकच होत नाही, आणि सेटअपमध्ये पेपर साइझला नुसतं 'डिफाइन्ड बाय ड्रायव्हर'. त्या मॉडेलची पीपीडी फाइल उतरवून घेतलीये पण ती टाकायची कुठे ते कळत नाहीये. दुसरं म्हणजे साध्या ए४ वर काढलं की पानाच्या आकड्याचं बूड कापलं जातं, आकडा तळापासून ३ मिमीवर आहे. डॉक्युमेंटचंच माप थोडं लहान करू का? विंडोजवर आहे.

शाईवाला
डॉक्युमेंटच्या मापाला अजिबात हात लावू नका. पान केवढं ते वाचकाच्या हातात काय जाणार त्यावरून ठरतं, कागद केवढा ते मशीनवरून. ही दोन मापं इनडिझाइनमध्ये वेगळी ठेवलीयेत ती याचसाठी, एकदा प्रिंटरच्या सोयीने पान कापायला लागलात की पुढच्या प्रिंटरला परत सगळं हलवावं लागेल.

पीपीडीचं म्हणाल तर खरा प्रिंटर निवडला की तो रकाना करडाच असतो, त्यात बिघाड काही नाही. त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरबरोबर जी पीपीडी आली तीच तो घेतो. हाताने निवडता येते ती फक्त वर प्रिंटरच्या जागी 'पोस्टस्क्रिप्ट फाइल' घेतलं तर. आणि 'डिफाइन्ड बाय ड्रायव्हर' दिसतंय म्हणजे तुमच्याकडे बहुतेक पीसीएल ड्रायव्हर बसलाय (पीसीएल ही पोस्टस्क्रिप्टपेक्षा वेगळी प्रिंटरची भाषा), त्याला पीपीडी नसतेच. त्यामुळे नुसती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये टाकून काही होणार नाही, कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा पीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, ड्रायव्हर घ्या आणि वेगळा प्रिंटर म्हणून बसवा, जुना राहू दे. तोवर घाई असेल तर प्रिंट डायलॉगमध्ये खाली सेटअप बटण आहे त्यातून ड्रायव्हरच्या खिडकीत जाऊन ए३ करा, चालतं.

अजून एक, 'स्प्रेड्स'वर टिक असेल तर काढा. ए४ ची समोरासमोरची दोन पानं म्हणजेच अख्खा ए३, ब्लीड आणि मार्कना जागाच उरत नाही. एकेक पान काढलं तर ब्लीड धरून २१६ बाय ३०३ मिमी होतं, ते ए३ वर मार्कसकट आरामात बसतं.

मोजपट्टी
आकडा का कापला जातो ते तुम्ही उतरवलेल्या पीपीडीतच सापडेल. साधी टेक्स्ट फाइल असते ती, नोटपॅडमध्ये उघडा आणि 'इमेजेबलएरिया' शोधा. ए४ समोर चार आकडे असतील, समजा १२ १२ ५८३ ८३०. हे पॉइंटमध्ये असतात, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, मोजायचं डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, आणि अख्खा ए४ म्हणजे ५९५ बाय ८४२. म्हणजे चारी बाजूंना १२ पॉइंट, साधारण सव्वाचार मिमी पट्टी मशीन छापूच शकत नाही. तुमचा आकडा ३ मिमीवर, तो त्या पट्टीत जाणारच. फाइलमधले आकडे बदलून उपयोग नाही हां, फाइल फक्त मशीनचं वर्णन करते, आकडा बदलला म्हणून मशीन कडेपर्यंत छापायला लागत नाही. 'स्केल टू फिट'ही नको, सगळं पान आक्रसतं आणि मग ती प्रत मापाला लावून बघण्यात अर्थच राहत नाही.

पण माझं विचाराल तर ३ मिमीवर आकडा ठेवणं मुळातच धोक्याचं आहे, प्रिंटर कुठलाही असो. कटिंगला कागद जरा सरकला की आकडा गेला. मास्टर पेजवर (नव्या इनडिझाइनमध्ये त्यालाच 'पेरेंट पेज' म्हणतात) जाऊन निदान ८-१० मिमी आत घ्या, एकदाच बदलायचं, सगळ्या पानांवर बदलतं.

रिकामी_चौकट
एवढा खटाटोप कशाला, मार्क आणि ब्लीड घालून पीडीएफ एक्सपोर्ट करा आणि ती ए३ वर 'ॲक्च्युअल साइझ'ने छापा. प्रेसला तरी पीडीएफच जाणार आहे ना? पीपीडीचा जमाना संपत आलाय, लिनक्सवर कप्सनेसुद्धा (तिथली छपाई सांभाळणारी प्रणाली) पीपीडी सोडून द्यायचं ठरवलंय, नवे प्रिंटर कुठले कागद घेतात ते स्वतःच सांगतात.

शाईवाला
प्रेसला पीडीएफच द्यायची, त्यात वादच नाही, आणि कच्ची प्रतही तशी काढली तर उत्तमच. पण पीडीएफ झाली तरी ती कुठल्यातरी ड्रायव्हरनेच छापायची आहे, तिथे ए३ आणि ट्रे बरोबर दिसायला हवेत. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला ते अजून पीपीडीतूनच कळतं, म्हणून एकदा ड्रायव्हर नीट बसवून टाकलेला बरा.

पानोपानी
पीएस ड्रायव्हर बसवला, ए३ आलं! मार्कसकट प्रत निघाली, आकडाही मास्टरवर १० मिमी वर घेतला. खूप आभार सगळ्यांचे. आता फक्त दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय गायब झालाय, आधीच्या ड्रायव्हरमध्ये होता.

मोजपट्टी
डुप्लेक्स, जादा ट्रे वगैरे गोष्टी पीपीडीत 'नंतर बसवता येणारे भाग' म्हणून नोंदवलेल्या असतात, आणि नवीन ड्रायव्हर बऱ्याचदा ते मशीनला नाहीत असंच धरून चालतो. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, तिथे डिव्हाइस सेटिंग्ज, अगदी तळाशी 'इन्स्टॉलेबल ऑप्शन्स', त्यात डुप्लेक्स युनिट 'इन्स्टॉल्ड' करा. मग इनडिझाइन बंद करून परत उघडा. जाड कागद निवडल्यावर तो पर्याय पुन्हा करडा झाला तर घाबरू नका, कुठल्या कागदावर दुहेरी छपाई चालत नाही तेही त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.