स्लॉट-फ्लो मोडीत काढणाऱ्यांनो, आधी एक बुकिंग नीट रद्द करून दाखवा

जुनाखांब
ग्राहकसेवेच्या चॅटबॉटबद्दल काल नवीधाव यांनी लिहिलं की "इंटेंट, स्लॉट, फ्लो सगळं भंगारात टाका, एक मोठं मॉडेल घ्या, प्रॉम्प्ट लिहा, चार एपीआय जोडा, बॉट तयार". (इंटेंट म्हणजे युजरला काय हवंय, स्लॉट म्हणजे त्यासाठी भरायच्या जागा, फ्लो म्हणजे बोलण्याचा आधीच आखलेला मार्ग; प्रॉम्प्ट म्हणजे मॉडेलला लिहून दिलेल्या सूचना, एपीआय म्हणजे दुसऱ्या सिस्टिमशी जोडणी.) डोकं फिरलं म्हणून जरा लांबण लावतोय. अहो, १९७७ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी गस नावाची सिस्टिम केली होती, विमानप्रवास ठरवून देणारी. एक फ्रेम, त्यात रिकाम्या जागा: कुठे जायचं, कोणत्या दिवशी, किती वाजता. माणसाने कशाही क्रमाने सांगू दे, राहिलेलं तेवढंच विचारायचं. आता तुमचं मॉडेल फंक्शन कॉल करतं, म्हणजे बुकिंगच्या सिस्टिमला काम सांगतं, तेव्हा पॅरामीटर्समध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, काय जातं? तेच की! फरक एवढाच, की जागा रिकामी राहिली तर जुनी सिस्टिम विचारायची, तुमचं लाडकं मॉडेल कधीकधी स्वतःच्या मनाने भरून टाकतं.

परवाच एका डेमोत बघितलं. युजर म्हणाला "१२ तारखेचं रद्द करा". १२ तारखेची बुकिंग दोन होती. बॉटने वरचं उचललं, रद्द केलं आणि गोड आवाजात "झालं! आणखी काही मदत करू?" प्रॉम्प्टमध्ये "रद्द करण्याआधी खात्री करून घे" हे ठळक अक्षरात लिहिलेलं होतं बरं का.

नवीधाव
काका, आणि तुमच्या फ्लोचं काय? रद्द करता करता युजरने मध्येच विचारलं "थांब, आधी पैसे किती परत मिळतील ते सांग", तर तुमचा बॉट म्हणतो "कृपया वैध तारीख टाका". तीनदा. मग "मला समजलं नाही". लोक बॉटला शिव्या घालतात त्या या असल्या बॉक्स-बाणांच्या जाळ्यामुळे, मॉडेलमुळे नाही. माणूस बोलताना वाकडातिकडा जाणारच, तुम्ही किती बाण काढणार?

तिरकस
दोघंही चालू ठेवा, पण मला एक सांगा, "माणसाशी बोलायचंय" हे बटण कोण लपवतं? पत्ता बदलायचा होता, एका विमा कंपनीचा बॉट. "माणूस द्या" लिहिलं, त्याने पत्ता कसा बदलावा यावरचा लेख दिला. परत लिहिलं, परत तोच लेख. वैतागून विंडो बंद केली, तर दोन दिवसांनी मेल, "तुमची समस्या सुटली याचा आनंद आहे"!!

रात्रपाळी
@तिरकस ते कंटेनमेंट हो, बॉटचं यश मोजायचा आकडा. माणसापर्यंत न पोचता चॅट संपलं की बॉट यशस्वी. तुम्ही कंटाळून निघून गेलात तरी हिशोबात यशच. मी त्या दुसऱ्या टोकाला बसते. जे तुमच्यासारखे चिकाटीने पोचतात त्यांचं पहिलं वाक्य असतं "आता तुम्ही पण परत नंबर विचारणार का?" आणि मला विचारावाच लागतो, कारण बॉटशी झालेलं बोलणं माझ्या स्क्रीनवर येतच नाही.

हिशोबी
रडगाणं पुरे. पासवर्ड रिसेट करायलाही माणूस पाहिजे म्हणणारे हेच लोक. बॉट नसेल तर रांग केवढी वाढेल याचा कोणी विचार करतं का? आकडा वाईट नाही, वापरणारे वाईट आहेत.

रात्रपाळी
रडगाणं? एक शिफ्ट हेडफोन लावून बसा साहेब, मग आकड्यांबद्दल बोलू. चॅट संपलं का आणि काम झालं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्ता बदलला की नाही ते डेटाबेसमध्ये दिसतं, बघायला कोणी मनाई केलीय?

हिशोबी
ते मोजायला दोन सिस्टिम जोडाव्या लागतात, बजेट तुम्ही देणार का. असो. मोजायला हवं, मान्य.

टेस्टर_ताई
मूळ मुद्द्यावर येऊ का? २०२४ मध्ये टाऊ-बेंच ही अशा बॉटची चाचणी आली, त्यात नेमकं हेच तपासतात, संवादाच्या शेवटी डेटाबेस हवा तसा झाला का. जीपीटी-४ओ सारखी तेव्हाची मॉडेल्स निम्मी कामंही पुरी करू शकली नाहीत, आणि रिटेलमधलं एकच काम आठ वेळा दिलं तर आठही वेळा बरोबर येण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली. आणि जुनाखांब, तुम्हीही लगेच हसू नका. स्लॉटवाल्यांचा लाडका मल्टीवॉझ डेटासेट, बॉट शिकवायला-तपासायला जमवलेले दहा हजारांवर संवाद, त्याच्या २.१ आवृत्तीत सुमारे ४० टक्के टर्नमधली (संवादातल्या एकेका पाळीतली) लेबलं, म्हणजे माणसांनी नोंदवलेली स्लॉटची उत्तरं, दुरुस्त करावी लागली. स्लॉटमध्ये काय भरायचं यावर माणसांचंच एकमत नव्हतं.

नवीधाव
ती मॉडेल्स आता जुनी झाली ताई. पण ठीक आहे, रद्द करणं आणि पैसे हलवणं यांच्या आधी चेक कोडमध्ये टाकतो, प्रॉम्प्टच्या भरवशावर सोडत नाही. काकांना पेढे वाटू द्या. बोलणं मात्र मॉडेलच सांभाळणार, तिथे तुमचे बाण नकोत.

जुनाखांब
पेढे नकोत, एअर कॅनडाचा निकाल वाचा. बॉटने परताव्याचा नियम चुकीचा सांगितला, कंपनीचा बचाव असा की बॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार. २०२४ मध्ये कॅनडातल्या ट्रिब्युनलने तो बचाव उडवून लावला आणि भरपाई द्यायला लावली. तेव्हा फक्त कृती नाही, नियम सांगतानाही मॉडेलला मोकळं सोडायचं नाही. बाकी मध्येच वाकडं जाणाऱ्या युजरला तुमचं मॉडेल बरं सांभाळतं, एवढं देतो.

रात्रपाळी
एक विचारू? त्या तुमच्या रिकाम्या जागा भरलेल्या असतात ना, कोण, कुठलं बुकिंग, काय हवंय... त्या माझ्या स्क्रीनवर का येत नाहीत?

जुनाखांब
येऊ शकतात की. ते काम दुसऱ्या टीमकडे आहे.

तिरकस
त्या टीमचा पण बॉट असेल.