आफ्रिकेत सफारी गाइडचं ट्रेनिंग घ्यायचंय, मुंबईतून कोणी गेलंय का?

विक्रोळीचा_वेताळ

नमस्कार मंडळी. वय २७, एका बँकेच्या बॅकऑफिसात पाच वर्षं झाली, रोज विक्रोळी ते ऐरोली. मागच्या ऑगस्टमध्ये आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून केनियातल्या मसाई माराला गेलो होतो, तिथून डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. आमच्या ड्रायव्हर-गाइडने एका ठिकाणी इंजिन बंद केलं आणि नुसता बसून राहिला. आम्ही सगळे दुर्बिणी लावून इकडेतिकडे बघतोय आणि हा माणूस बघतच नाहीये, ऐकतोय. लांब कुठेतरी इम्पाला हरणं धोक्याचा इशारा म्हणून नाकातून फुर्र करत होती, मला ते आवाज आहेत हेसुद्धा कळलं नव्हतं. मग त्याने गाडी वळवली आणि दहा मिनिटांत झाडावर बिबट्या. बाबा म्हणाले नशीब चांगलं आपलं. मला तेव्हाच कळलं की नशीबबिशीब काही नाही.

तर साउथ आफ्रिकेत गाइडचे कोर्स असतात असं वाचलं. प्रश्न एवढेच की कोर्समध्ये नक्की काय करून घेतात, भारतीय पासपोर्टवर पुढे नोकरी मिळते का, आणि घरी सांगायचं कसं. आईला वाटतंय मी तिकडे सिंहाला खाऊ घालायची नोकरी करणार आहे.

बाभळीचं_झाड

मी केलाय, २०१८ मध्ये, ५५ दिवसांचा. तेव्हा मी ठाण्यात शाळेत शिकवायचे, बिनपगारी रजा काढून गेले होते. फी काही लाखांत जाते, वर तिकीट, व्हिसा, मेडिकल इन्शुरन्स वेगळं, हे आधीच सांगते.

तिकडे फगासा म्हणून गाइड लोकांची संघटना आहे, १९९० पासूनची, बहुतेक कोर्स त्यांच्या अभ्यासक्रमावर चालतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे अप्रेंटिस फील्ड गाइड. लोकांना वाटतं सिंह-हत्ती शिकवत असतील. सिंह-हत्ती त्यातला एक धडा रे! बाकी खडक, माती, हवामान, तारे, गवतं, झाडं, किडे, बेडूक, मासे, पक्षी, पूर्वी तिथे राहणारी माणसं, सगळं येतं आणि लेखी परीक्षेत पास व्हायला ७५ टक्के लागतात. मी बीएस्सी बॉटनी असून रात्री हेडलॅम्प लावून घोकत बसायचे.

आमचा कॅम्प क्रूगर नॅशनल पार्कच्या पार उत्तरेच्या टोकाला, लिंपोपो आणि लुवुवू या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. त्या जमिनीवरून मकुलेके लोकांना १९६९ मध्ये उठवलं होतं आणि १९९८ मध्ये ती त्यांना परत मिळाली. कॅम्पला कुंपण नाही. रात्री तंबूतून बाथरूमला जायचं तर आधी टॉर्च गोल फिरवून डोळे चमकतायत का बघायचं, मगच पाय बाहेर. तिथे गोरखचिंचेची झाडं इतकी की मला पहिल्या दिवशी राणीची बाग आठवली. आणि आपली बाभूळ! अगदी तीच, वेडी बाभूळ नव्हे, खरी बाभूळ, तिकडेही ती मूळचीच. आकाशात कापशी घिरट्या घालतेय, पाणथळीला शेकाट्या उभा, म्हणजे पाहुणी मीच आणि हे सगळे ओळखीचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी इन्स्ट्रक्टरने गाडी थांबवली, खाली उतरवलं आणि माझ्या हातात गेंड्याची वाळलेली लीद दिली. काळा की पांढरा, सांग. मी वास घेतला (मूर्खपणा). मग त्याने लीद फोडून दाखवली, आत काड्यांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा तिरका, कोणीतरी कात्रीने कापल्यासारखा. काळा गेंडा झुडपं खातो आणि फांदी अशी तिरकी कापतो, पांढरा गवत खातो, त्याच्या लिदेत नुसतं गवत. त्या दिवसापासून मला रस्त्यात काहीही पडलेलं दिसलं की मी थांबते. नवऱ्याला लाज वाटते.

पण खरी परीक्षा गाडीची असते. उघडी लँड क्रूझर, मागे बाकीचे विद्यार्थी गेस्ट बनून बसलेले, तुम्ही गाडी चालवायची, रस्त्यावरचे ठसे बघायचे, रेडिओ ऐकायचा, वर हसतमुखाने बोलत राहायचं. मी कोरड्या नदीपात्रात लो रेंजला (फोर बाय फोरचे जास्त ताकदीचे, हळू गिअर) न टाकता घुसले आणि चाकं रुतवली. तासभर फावड्याने वाळू उपसली, टायरमधली हवा कमी केली, तेव्हा निघाली. कोणी ओरडलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच तिथून न्यायला लावली.

मस्तीखोर_मुंगूस

भावा, पहाटे साडेचारला उठायचं असतं रोज. विक्रोळीत उठून दाखव आधी.

टूरवाले_काका

मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, ग्रुप घेऊन केनिया-टांझानियाला जातो, म्हणून नोकरीचं मी बोलतो. बाळा, कोर्स भारतीय माणूस करू शकतो. नोकरीचं गणित अवघड आहे. साउथ आफ्रिकेत वर्क व्हिसा मिळवणं सोपं नाही, आणि लॉजवाला बाहेरचा गाइड कशाला आणेल, तिथे शिकलेली शेकडो पोरं कामाच्या शोधात बसलीत. केनियात गाइड लोकांची स्वतःची संघटना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात, गोल्डवाले फार थोडे. तुमचा तो इम्पाला ऐकणारा माणूस गुरं राखत मोठा झालेला असू शकतो. त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊ नये, स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

धंदा दुसरीकडे आहे. आपल्याकडून जाणाऱ्या ग्रुपला टूर लीडर लागतो. गाडी आणि प्राणी दाखवणं स्थानिक माणसाचं काम, पण तो जे सांगतो ते मराठीत, गुजरातीत, समोरच्या आजींना कळेल असं सांगणारा मिळत नाही. शिवाय जैन जेवण आहे का, पॅक लंचमध्ये अंडं नाही ना, बिग फाइव्हपैकी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) चार दिसले तर पाचव्याचे पैसे परत का, हे पण त्यालाच ऐकावं लागतं. जंगल कळणारा लीडर असेल तर पाहुणे दुसऱ्या वर्षी परत येतात, हा माझा अनुभव.

आणि नैरोबीमार्गे कुठेही जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. परत येताना मुंबई एअरपोर्टवर कार्ड बघतात, नसलं की क्वारंटाइन. माझ्या ग्रुपातल्या एका गृहस्थांनी कार्ड बॅगेत टाकून बॅग चेक-इन केली होती. पुढचं सांगत नाही.

गिरगावचा_गवा

काकांना अनुमोदन. मी पेंचला एका लॉजवर नॅचरलिस्ट आहे, सहावं वर्ष. इथेही गेटवर जो गाइड चढतो तो आसपासच्या गावातलाच असतो आणि ते बरोबरच आहे, जंगल त्याचं आहे. आम्ही लॉजचे नॅचरलिस्ट गेस्टबरोबर असतो, संध्याकाळी स्लाइड दाखवतो, जेवताना त्यांचे प्रश्न झेलतो. पगार सांगितला तर तू हसशील, पण राहणं-खाणं लॉजचं आणि पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो तेव्हा घरी.

तुला जे मारात कळलं नाही ते इथे येऊन बघ ना. चितळ ओरडलं, सांबर ओरडलं, वानर खोकलं, तिघांचा अर्थ वेगळा. चितळ उगाचच घाबरतं, त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. सांबराने पाय आपटून ढॉंक केलं की गाडी वळवायची. हा कान एकदा तयार झाला की इम्पाला काय आणि चितळ काय. आमच्याकडे सीझनला शिकाऊ मुलं घेतात, तीन महिने कर. त्याआधी बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) एखादा कोर्स कर, हॉर्नबिल हाउस फोर्टातच आहे, १८८३ पासूनची संस्था तुझ्या हाताशी आहे आणि तू डायरेक्ट लिंपोपोला निघालास.

विक्रोळीचा_वेताळ

सगळ्यांचे आभार, मुंगूस सोडून. काका, राग कसला, हेच कोणी सांगत नव्हतं. बाभूळताई, दोन शंका. पायी पण फिरवतात ना? बंदूक चालवावी लागते का? आणि गाडी मी ऑटोमॅटिकच चालवलीये फक्त.

बाभळीचं_झाड

पायी चालणं माझ्या कोर्समध्ये थोडंच होतं, त्यासाठी ट्रेल्स गाइडची वेगळी पायरी आहे. तिथे रायफल हाताळणीची परीक्षा असते, .३७५ कॅलिबरच्या खालची बंदूक चालत नाही, शिवाय अनुभवी गाइडच्या हाताखाली ५० तास चालणं आणि धोकादायक प्राण्यांशी १० वेळा गाठ पडल्याची लॉगबुकात नोंद लागते. गाठ पडणं म्हणजे गोळी घालणं नव्हे हं, आईला हे नीट सांग. त्याला न कळता, किंवा कळलं तर त्याला न चिडवता, माणसं परत आणणं. आम्ही एका ओळीत चालायचो, पुढे दोघे रायफलवाले, बोलायचं नाही, काही झालं तरी पळायचं नाही. इन्स्ट्रक्टरकडे एक जुना मोजा होता, त्यात राख भरलेली. दर थोड्या वेळाने तो मोजा झटकायचा आणि वारा कुठे वाहतोय ते कळायला राख कुठे उडते ते बघायचा. एकदा राख सरळ पुढे गेली, समोर दीडशे पावलांवर हत्तिणी आणि पिल्लं, म्हणजे आमचा वास थेट त्यांच्याकडे. त्याने हाताने नुसती खूण केली आणि आम्ही आल्या पावली मागे. हत्तिणींनी मान पण वर केली नाही. सगळ्यांचा थोडा विरस झाला, तो मात्र जाम खूश होता.

गिअरची गाडी मात्र आत्ताच शिक. तिकडेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, पण लँड क्रूझरचा क्लच विक्रोळीच्या पोराला झेपत नाही एकदम.

विक्रोळीचा_वेताळ

देवरुखला मामाची जुनी बोलेरो आहे, गणपतीत गेलो की मागतो. गवा, तुला मेसेज केलाय शिकाऊचं विचारायला, डिसेंबरमध्ये जागा असेल तर सांग. आईला हत्तिणीची गोष्ट वाचून दाखवली, ती म्हणते तो मोजेवाला माणूस मला आवडला.

बाभळीचं_झाड

बोलेरो चालेल. रिव्हर्स शिक, आरशात बघून, चढावर.