कानातले ब्लूटूथ इअरबड: लहरींची भीती खरी किती?

कृष्णाकाठ, सांगली
सांगली-मिरजेतल्या पालकांच्या ग्रुपवर ‘२५० शास्त्रज्ञांचा इअरबडविरुद्ध इशारा’ पुन्हा फिरतोय. त्या इशाऱ्यामागचं आवाहन २०१५ चं आहे. एअरपॉड बाजारात आले डिसेंबर २०१६ मध्ये. आवाहनात मोबाईल, टॉवर, वायफाय अशा सगळ्याच बिनतारी साधनांसाठी कडक नियम मागितले होते. इअरबडचा मथळा २०१९ च्या बातम्यांनी चढवला.

माझं मत, फोन कानाला लावण्यापेक्षा इअरबड बरा. फोरजी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट सोडतो, क्लास-२ (कमी ताकदीचं) ब्लूटूथ २.५. रेंज कमी झाली की फोन जोर वाढवतो. साताऱ्याहून बामणोली-तापोळ्याकडे गेलात आणि एका दांडीवर बोलत राहिलात, तर फोन पूर्ण ताकदीच्या जवळ चालतो. तेव्हा तो डोक्यापासून लांब हवा.

माणदेशी
दादा, तुलना बरोबर आहे, पण अर्धी. फोन कानाला दहा मिनिटं असतो, इअरबड पोरांच्या कानात दिवसभर. भारतातली एसएआर (शरीर लहरींची किती ऊर्जा शोषतं त्याचं माप) मर्यादा २०१२ पासून किलोला १.६ वॅट, तीही एका ग्रॅम ऊतकावर मोजलेली. म्हणजे ग्रॅमला १.६ मिलिवॅट. तुमचे २.५ मिलिवॅट त्या एका ग्रॅमात मुरले तर मर्यादा ओलांडलीच की! शिवाय अमेरिकेच्या एफसीसीच्या (तिथल्या दूरसंचार नियामकाच्या) जुन्या पद्धतीत ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झवर, ५ मिलिमीटर अंतराला, साधारण १० मिलिवॅटपर्यंत एसएआर मोजण्यातून सूट होती. जे मोजलंच नाही त्याला सुरक्षित कशावरून म्हणायचं? आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) २०११ मध्ये या लहरी २बी, म्हणजे ‘कर्करोगाची शक्यता’ या गटात घातल्या, त्या अजून तिथेच आहेत.

कृष्णाकाठ
हिशेब चांगला मांडलात, पण त्यात वेळ धरलेला नाही. ब्लूटूथ ६२५ मायक्रोसेकंदांच्या स्लॉटमध्ये चालतं. गाणं ऐकताना फोन पाच स्लॉट पाठवतो आणि बड एका स्लॉटमध्ये फक्त पोच देतो. म्हणजे बड सहातला एकच भाग बोलतो. २.५ भागिले ६, सरासरी ०.४२ मिलिवॅट. हे सगळंच्या सगळं एका ग्रॅमात गेलं असं धरलं तरी किलोला ०.४२ वॅट होतात. प्रत्यक्षात अँटेना चारी बाजूंना फेकते, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. एसएआर मोजण्यातली सूटही कमी ताकदीच्या साधनांनाच असते.

२बी म्हणजे पुरावा मर्यादित. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले. मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

माणदेशी
तो आढावा मोबाईलचा. आणि तुमचा सहावा भाग सगळीकडे लागू नाही. जुन्या रचनेच्या बडमध्ये एक बड फोनकडून गाणं घेतो आणि दुसऱ्याला पुढे पाठवतो. तो बड नुसती पोच देत नाही, अख्खं गाणं परत प्रसारित करतो, तेही मधे डोकं असताना. क्लास-१ चे (जास्त ताकदीचे) बड तर २.५ च्या वर जाऊ शकतात. म्हणून लहान मुलांना वायरचाच हेडफोन द्यावा, या मतावर मी ठाम आहे.

कासपठार, सातारा
पुढे पाठवण्याचा मुद्दा माणदेशींचा खरा. फोन आणि बड दोन्हींवर एलई ऑडिओ (ब्लूटूथची नवी आवाज-पद्धत) असेल तर प्रत्येक बडला फोनकडूनच वेगळा प्रवाह मिळतो. नाहीतर एकच बड वापरावा, पुढे पाठवणं थांबतं. वायर लावून फोन शर्टाच्या खिशात ठेवला तर मात्र २०० मिलिवॅटवाला छातीला चिकटतो. तो टेबलावर ठेवा.

पण तुम्ही दोघंही आवाजाबद्दल बोलला नाहीत, आणि मुलांचं खरं नुकसान तिथे होतं. मुलांना ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८४ ला उरतात ५ तास. एसटीत इंजिनच्या आवाजावर मात करायला पोरं आवाज वाढवतात. कानात घट्ट बसणारी रबरी टोपी असली की तेवढा वाढवावा लागत नाही.

घरात पेसमेकरवालं कुणी असेल तर लहरींपेक्षा चुंबक बघा. बडच्या डबीत चुंबक असतो. ती शर्टाच्या खिशात नको, पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर तरी लांब.

माणदेशी
आवाजाचं मान्य. बाजारात गाड्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या बडवर मात्र यातला एकही आकडा लावू नका. त्यांची ताकद कुणी तपासली ते कळत नाही. पेटीवर आर- ने सुरू होणारा आठ आकडी बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का बघा. तो बॅटरी-विजेच्या सुरक्षिततेचा, लहरींचा नाही. लहरींसाठी डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या बिनतारी विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी लागते, ती आहे का हे दुकानदाराला विचारा. नसेल तर पेटी परत करा.