मदत हवी आहे: कुंडीतली गाजरं दुभंगतात, आंबवली की मऊ पडतात

प्रश्न:
हिवाळ्यासाठी कुंड्यांत गाजर आणि मुळा पेरलाय. कुंडी २० सेंमी खोल, निम्मी माती, निम्मं शेणखत. गाजरांना दोन-दोन पाय फुटलेत, अंगभर केसासारखी मुळं आहेत. मुळ्याला पाला भरघोस, पण खाली जेमतेम करंगळीएवढा कंद. निघालेली गाजरं आंबायला घातली: ५०० ग्रॅम चकत्या, ४५० मिली पाणी, दोन छोटे चमचे मीठ. खोलीचं तापमान २८ अंश. आठवड्याभरात पाण्यावर पांढरा पापुद्रा धरला आणि चकत्या मऊ झाल्या. काय बदलायला हवं? आणि ही बरणी टाकून द्यायची का?

उत्तर:
आधी कुंडीचं बघू. निम्मं शेणखत गाजराला फार झालं. मुळाचं टोक खडा, ढेकूळ किंवा कच्च्या खताच्या गोळ्याला अडलं की तिथेच फाटे फुटतात, आणि नत्र जास्त झालं की तंतुमुळं माजतात. तीन भाग चाळलेली माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं खत पुरे. कुंडी किमान ३० सेंमी खोल हवी. बी थेट कुंडीतच पेरा, १ सेंमीपेक्षा खोल नको. रोप काढून दुसरीकडे लावलं की सोटमूळ दुखावतं. उगवायला १० ते २० दिवस लागतात, तोवर वरचा थर सुकू देऊ नका. ओलं गोणपाट अंथरा आणि पहिला कोंब दिसताच उचला.

विरळणी मात्र टाळू नका. हिरवंगार रोप काढायला हात धजत नाही, पण मुळ्याचा नुसता पाला होण्याचं नेहमीचं कारण दाटीच असते. गाजराच्या दोन रोपांत ४-५ सेंमी अंतर ठेवा. जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही. ऊन रोज सहा तास तरी मिळायला हवं. लहान गोल मुळा साधारण महिन्याभरात काढा, नाहीतर आतून भेंडाळतो.

दुसरं उत्तर:
बरणीचं सांगते. दोन छोटे चमचे बारीक मीठ म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. चकत्या आणि पाणी मिळून ९५० ग्रॅम, म्हणजे मीठ जेमतेम सव्वा टक्का. २८ अंशाला एवढ्यावर भागत नाही: लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होण्याआधीच इतर जिवाणू आणि विकरं (एन्झाइम) गाजराला कडक ठेवणारं पेक्टिन मोडतात, आणि चकत्या लिबलिबीत होतात. भाजी अधिक पाणी यांच्या एकूण वजनाच्या ३ टक्के मीठ घ्या, तुमच्या मापाला साडेअठ्ठावीस ग्रॅम. चमच्याने नको, काट्यावर मोजा. जाड मीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं भरत नाही.

पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा बहुधा यीस्टचा असतो. तो हवेमुळे येतो. चकत्या पाण्याबाहेर डोकावू देऊ नका, वर काचेचं वजन ठेवा. लव असलेली किंवा हिरवी-काळी-गुलाबी बुरशी दिसली तर सगळं टाका. तुमच्या चकत्या मऊ पडल्यात, तेव्हा हीही बरणी खाऊ नका. पाणी नुसतं गढूळ होणं मात्र चांगलं लक्षण आहे, त्याला घाबरू नका.

२८ अंशाला तिसऱ्या दिवसापासून चव बघा. आंबटपणा जमला की फ्रीजमध्ये. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) मोजायची पट्टी असेल तर तो ४.६ च्या खाली आलाच पाहिजे, ४ च्या खाली उत्तम.

प्रश्नकर्ता:
कोबीचा गड्डाही तयार होतोय. त्यालाही ३ टक्के?

दुसरं उत्तर:
नाही, कोबीत वरून पाणी घालायचं नाही. बारीक चिरून वजन करा, किलोला २० ग्रॅम मीठ लावून रस सुटेपर्यंत चोळा आणि बरणीत दाबून भरा. खोली उबदार असेल तर २५ ग्रॅमपर्यंत जा. दुसऱ्या दिवशीही रस वर आला नाही तर लिटरला २० ग्रॅम मिठाचं पाणी, कोबी बुडेल इतकंच घाला. बरणीत वर चार बोटं जागा सोडा. पहिले काही दिवस वायू जोरात सुटतो, झाकण रोज सैल करा. आणि गड्डा घट्ट झाल्यावर एकदम भरपूर पाणी देऊ नका, तो तडकतो.