प्रति: शिवी मुळातच शिवी असते का?

वर कोणीतरी म्हटलंय की शिवीतला अपमान शब्दातच असतो, तो बदलत नाही. मग अशोकाचं काय करायचं? शिलालेखांत तो स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो, म्हणजे देवांचा लाडका. तेच पद पुढे संस्कृत व्याकरणात ‘मूर्ख’ या अर्थाने स्थिरावलं. १७व्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त तसं सरळ नोंदवलंय. गंमत म्हणजे ज्या पाणिनीय सूत्राखाली ही चर्चा येते, ते सूत्रच मुळी निंदेबद्दल आहे. यात बौद्धद्वेष होता असं काही जण म्हणतात. असेलही. पण मला नुसत्या खोचकपणाचा हात जास्त दिसतो. उशिरा उगवलेल्याला आपण ‘या राजे!’ म्हणतो, तेव्हा मुजरा थोडाच करत असतो?

‘पाखंड’ तर त्याहून भारी. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, आणि राजा सगळ्याच पासंडांचा सन्मान करतो. पुढे तो शब्द फक्त ‘त्यांच्या’ पंथाला लागला, आणि आज पाखंडी म्हटलं की समोरचा भांडायला उठतो.

उलट प्रवासही होतो. मालवणीत ‘आवशीचो घोव’ (शब्दशः ‘आईचा नवरा’, एरवी शिवीच) कित्येकदा निव्वळ कौतुकाने येतं. पुण्यात अनोळखी माणसाला म्हणून बघा मात्र!