‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना शब्द अडतो: वडिलांची आठवण, आंतरिक आरोग्य आणि पुरुषपण

प्रश्न: गोदाकाठचा

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

मी ३६ वर्षांचा आहे. मूळचा गेवराई तालुक्यातला असून सध्या छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात काम करतो. लहानपणापासून मंडळीत वाढलो, दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचने स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले, काही वर्षे तरुण संघाचा सचिवही होतो. तरीही जी गोष्ट आजवर पत्नीखेरीज कोणालाही सांगितली नाही, ती येथे लिहीत आहे.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येई आणि मार्च-एप्रिलपर्यंत मी व धाकटी बहीण आजीजवळ राहत असू, त्यामुळे आमच्या लहानपणीचा एकही नाताळ आईवडिलांसोबत झाला नाही. मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी गाडी निघण्याच्या वेळी ट्रकच्या फाळक्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिलो. अण्णा खाली उतरले, माझी बोटे त्यांनी एकेक करून सोडवली आणि म्हणाले, “पोरीवानी रडतो काय? आता घरातला गडी तूच हायेस.” मग ट्रक गेला. डिझेलचा वास आला की आजही माझ्या पोटात कालवते. त्या दिवसानंतर मी अण्णांसमोर कधी रडलो नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना मातीत ठेवले तेव्हाही रडलो नाही, आणि भावकीने त्याला धीर म्हटले.

यंदा जूनमध्ये मुलाला पहिलीच्या वर्गात सोडायला गेलो. फाटकाशी त्याने माझ्या शर्टाची बाही धरली आणि तो रडू लागला. मी त्याची बोटे सोडवली आणि माझ्या तोंडून तेच वाक्य, त्याच आवाजात बाहेर पडले. मी गाडीवर बसून कामावर गेलो खरा, पण त्या दिवशी पाळी संपेपर्यंत हात थरथरत होते.

त्यानंतर मी आंतरिक आरोग्यासाठी, म्हणजे मनाच्या जुन्या जखमा प्रार्थनेने बऱ्या व्हाव्यात म्हणून, भरलेल्या एका शिबिराला गेलो. तेथे डोळे मिटून आपले वडील येशूसोबत आपल्याकडे चालत येत आहेत असे चित्र पाहायला सांगितले. भोवतालचे पुरुष हमसून रडत होते. मला मात्र फक्त ट्रकची मागची बाजू दिसली आणि भयंकर राग आला, म्हणून मी उठून बाहेर गेलो. नंतर मला सांगण्यात आले की माझ्यात क्षमा न करण्याचे पाप आहे आणि ते सुटल्याशिवाय देव माझे ऐकणार नाही.

तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेतील ‘पित्या’ हा शब्द माझ्या घशात अडतो. मरण पावलेल्या माणसाला क्षमा कशी करायची? जे आठवते ते विसरायचे आहे की कसे? आणि ख्रिस्तात पुरुष होणे म्हणजे नेमके काय, कारण मला नवव्या वर्षी गडी केले गेले आणि त्यापुढे कोणी काहीच शिकवले नाही.

उत्तर: जालन्याचे निवृत्त पाळक

प्रिय बंधू, शिबिरात तुम्हाला जे सांगितले गेले त्याबद्दल एक पाळक म्हणून मला दुःख होते. मिटल्या डोळ्यांपुढे चित्र आले नाही म्हणून कोणाचा विश्वास कमी ठरत नाही. प्रार्थनेत कल्पनाशक्तीला स्थान आहे हे मी नाकारत नाही, परंतु जे घडलेच नाही ते घडल्यासारखे पाहून जखम भरते असे शिकवायला शास्त्रात आधार सापडत नाही. तुम्हाला ट्रक दिसला, कारण ट्रक खरा होता.

‘विसरायचे आहे का’ असे तुम्ही विचारले, म्हणून उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची गोष्ट काढतो. सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला विकले, तिसाव्या वर्षी तो मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला, आणि पहिला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव त्याने मनश्शे ठेवले. देवाने मला माझे सर्व कष्ट आणि माझ्या बापाचे घर यांचा विसर पाडला, असा त्याचा अर्थ. पण विसर पडला होता काय? काही वर्षांनी भाऊ धान्यासाठी आले तेव्हा तो एकदा त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडला, दुसऱ्यांदा आतल्या खोलीत जाऊन रडला आणि तोंड धुऊन बाहेर आला, आणि तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने रडला की मिसरी लोकांनी ते ऐकले. देशाचा कारभार चालवणारा, कर्तबगार, दोन मुलांचा बाप असलेला पुरुष होता तो. मुलाच्या नावात विसर कोरून ठेवला तरी त्याची जखम भरली नव्हती. ती भरू लागली ती भावांच्या समोर बसून, त्यांनी केलेले वाईट ‘वाईट’ या शब्दानेच म्हटल्यावर. ‘तुम्ही माझे वाईट योजिले’ हे तो उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो आणि मगच देवाने त्यातून चांगले योजिले असे सांगतो. आपण मंडळीत हा दुसरा भाग फार घाईने बोलतो.

डिझेलच्या वासाबद्दल वाचून मला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्याने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभूने न्याहारी मांडली तीही कोळशाच्या विस्तवावर. संपूर्ण नव्या करारात त्या विस्तवासाठी असलेला मूळ ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो, दोन्ही वेळा योहानाच्या शुभवर्तमानात. पेत्राच्या नाकात तो धूर शिरला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल याचा विचार करा. प्रभूने त्याला ती रात्र विसरायला सांगितले नाही. त्याच वासात बसवून, आधी खायला घालून, जितक्यांदा नाकारले तितक्यांदाच प्रश्न विचारला. म्हणून माझी सूचना एवढीच की सगळे बालपण एकदम उघडू नका. ती एकच सकाळ घ्या, फाळका, बोटे, तो वास, आणि जसे घडले तसेच मोठ्याने प्रभूला सांगा. राग आला तर रागही सांगा. स्तोत्रकर्त्यांनी याहून कठोर शब्द देवापुढे ठेवले आहेत.

क्षमा करणे म्हणजे अण्णांनी केले ते बरोबर होते असे म्हणणे नव्हे. त्यांच्याकडून तुम्हाला जे येणे होते आणि जे आता कधीच मिळणार नाही, त्याचा हिशेब देवाच्या हाती सोपवणे म्हणजे क्षमा, आणि त्यासाठी समोरचा माणूस जिवंत असावा लागत नाही. ते एका बैठकीत होत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मला चौदा वर्षे लागली.

पुरुषपणाबद्दल एकच लिहितो. यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी ‘तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस’ ही वाणी झाली तेव्हा येशूने एकही चमत्कार केला नव्हता, एकही उपदेश दिला नव्हता. रानातली परीक्षा आणि वधस्तंभ तर पुढेच होते. तो आधी पुत्र म्हणून ओळखला गेला आणि कामाला नंतर लागला. तुमच्या बाबतीत क्रम उलटा झाला, आधी काम अंगावर पडले. तुम्हाला आता आणखी कणखर व्हायचे नाही. नऊ वर्षांच्या त्या मुलाला पुत्र म्हणून घरात घेतले जाऊ द्यायचे आहे.

उत्तर: परिचारिका, बीड

दादा, माझेही आईवडील कोयत्यावर होते, म्हणून पाळकसाहेबांचे सगळे मान्य करून एक गोष्ट विचारते. तुम्ही लिहिले की आईवडील दोघेही जात. मग ट्रकच्या आठवणीत आई कोठे आहे? तिच्यावर तुमचा राग का नाही?

मी स्वतःला हाच प्रश्न विचारला होता आणि माझे उत्तर असे निघाले की आई परत आल्यावर आम्हाला पोटाशी धरायची, केस विंचरायची, कोपीवरच्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, गोष्टी सांगायची. म्हणजे तिचे जाणे ती भरून काढायची. वडिलांना ते येतच नव्हते. ते एका हातात काकवीचा कॅन घेऊन दारात उभे राहायचे आणि कॅन कोणाच्या हातात द्यावा हेसुद्धा त्यांना कळायचे नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला फडात उतरून, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणाऱ्या माणसाच्या कमाईवर ते कर्ज फिटते. हे तुमच्या वडिलांची बाजू घ्यायला लिहीत नाही, कारण बोटे सोडवताना जे शब्द ते बोलले त्यांची गरज नव्हती. पण त्यांची गरिबी आणि त्यांचे शब्द या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. क्षमा शब्दांची करायची आहे. उचलीबद्दल त्यांना क्षमा मागायला लावणे अन्याय होईल, त्याचा जाब दुसऱ्याच कोणाला तरी विचारायला हवा.

‘पित्या’ म्हणता येत नसेल तर काही दिवस म्हणू नका. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की आई जसे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले ते आपल्याच मातीतल्या अभंगाच्या चालीवर, आणि वारकऱ्यांच्या शेजारी वाढलेल्या आपल्या आजीला ते समजावून सांगावे लागत नसे. मी स्वतः दोन वर्षे ‘माउली’ म्हणूनच प्रार्थना केली. पुढे ‘पिता’ हा शब्द आपोआप आला, आणि आला तेव्हा तो माझ्या वडिलांच्या चेहऱ्याचा नव्हता.

आणखी एक, परिचारिका म्हणून. हात थरथरणे, झोप न येणे, मुलावर हात उगारावासा वाटणे हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिले तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. औषध घेतल्याने प्रार्थना खोटी ठरत नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत असून तेथे मराठीतून बोलता येते.

उत्तर: वैजापूरकडील कॅथलिक

मी तुमच्या मंडळीचा नाही, तरी लिहितो. आमच्याकडे पापनिवेदनाची सवय असल्यामुळे आपला दोष तोंडाने उच्चारणे जमते. पण आपल्याला झालेली दुखापत उच्चारायला मलाही कोणी शिकवले नव्हते.

मला उपयोग झाला तो संत इग्नेशियस लोयोला यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणाचा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने या सरदाराचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तो आपल्या मनात काय उमटते व मागे काय उरते हे पाहू लागला. त्यातून पुढे आलेली रीत सोपी आहे: रात्री पंधरा मिनिटे बसून आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने पाहायचा, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्याकडे पाहायचे. मी मुले झोपली की ओट्यावर बसतो. पहिल्या महिन्यात माझ्या लक्षात आले की मी मुलीवर ओरडतो तो जवळपास प्रत्येक वेळी कामावर कोणी माझा अपमान केलेला असतो त्याच दिवशी. हे कळल्यावर मी तिची माफी मागितली. सात वर्षांच्या मुलीपुढे बापाने माफी मागणे आमच्या घरात पहिल्यांदा घडले. तिने मान डोलावली आणि पुन्हा चित्र रंगवू लागली.

आम्ही पाच पुरुष महिन्यातून एकदा बसतो. नियम एकच आहे, की एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. एकमेकांजवळ पातके कबूल करा आणि बरे होण्यासाठी एकमेकांकरिता प्रार्थना करा असे याकोबाच्या पत्रात आहे, ते एकट्याने खोलीत बसून पाळता येत नाही. तुमच्या तरुण संघात करिंथकरांच्या पहिल्या पत्रातले ‘मर्दासारखे वागा, खंबीर व्हा’ हे वचन पाठ करून घेतले असेल. ते सोळाव्या अध्यायाचे तेरावे वचन आहे. चौदावे वचन ‘तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा’ असे आहे, आणि मला ते चाळिशीपर्यंत कोणीही पाठ करायला लावले नाही.

गोदाकाठचा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, तुम्ही सांगितले तसे ती सकाळ मी प्रभूला मोठ्याने सांगितली, गच्चीवर, रात्री. दोनदा मध्येच थांबावे लागले. रडू आले नाही, पण राग पहिल्यापेक्षा कमी झाला असे वाटते, आणि ‘माउली’ म्हणून प्रार्थना चालू आहे. झोपेसाठी डॉक्टरांची वेळही घेतली आहे.

मुलाची माफी मागितली. फाटकावरचे ते वाक्य त्याला शब्दशः आठवत होते, हे मला अपेक्षित नव्हते. आता रोज सकाळी फाटकाशी तो बाही धरतो आणि तो स्वतः सोडीपर्यंत मी थांबतो. कधी एक मिनिट लागते, कधी पाच, आणि दोनदा मला कामावर उशीर झाला.

ताई, तुमच्या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केले. आई अजून गावीच असते. परवा तिला फोनवर विचारले की त्या दिवशी ट्रक निघाल्यावर अण्णा काही बोलले होते का. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “असं फोनवर नगं. घरी ये, मग सांगते.” येत्या रविवारी उपासना झाल्यावर मुलाला घेऊन गावी निघत आहे.